ओळखपत्र माणसाचं की बातमीचं?

समजा, एका संस्थेनं ठरवलं की गावोगावच्या, पगार न घेता बातम्या कळवणाऱ्या माणसांना शिकवायचं, ओळखपत्र द्यायचं आणि कुणी अंगावर आलं तर त्यांच्या पाठीशी उभं राहायचं. अशा संस्थेला नाव काय द्यावं?

प्रश्न नुसता बारशाचा वाटतो. पण नावाचं वजन आपल्या जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. २०२३ साली आधी शहराचं आणि मग जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे धाराशिव झालं, मे २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्याविरुद्धच्या याचिका फेटाळल्या, आणि तरीही चहाच्या टपरीवर तो विषय निघाला की चहा थंड होतो. तुमची बाजू कोणतीही असो, एक गोष्ट दोन्हीकडच्यांना मान्य आहे: नाव ठेवणारा काहीतरी हक्क सांगत असतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. या कामासाठी हमखास सुचणारं नाव म्हणजे ‘नागरिक पत्रकार’, आणि मग त्याचा ‘संघ’, ‘परिषद’ नाहीतर ‘महासंघ’. मला हे नाव चुकीचं वाटतं. हे नाव हमी देतं ती माणसाची, आणि हमी द्यायला हवी ती बातमीची. या एका फरकातून दोन माणसांचं नुकसान होतं: कार्ड गळ्यात घालणाऱ्या स्वयंसेवकाचं, आणि ज्याच्या दारात ते कार्ड जातं त्याचं. आता सावकाश बघू.

अधिस्वीकृती म्हणजे काय, आणि ती कुणाला मिळते

‘मान्यता देणं’ या शब्दाला पत्रकारितेत आधीच एक सरकारी अर्थ चिकटलेला आहे. राज्याचं माहिती व जनसंपर्क महासंचालनालय पत्रकारांना अधिस्वीकृती पत्रिका देतं. त्यासाठी विभागीय समित्या आणि त्यांच्यावर राज्य समिती असते. आपला जिल्हा त्या कामासाठी लातूर विभागात येतो. अनुभवाची, कामाच्या पुराव्याची अट असते. तालुक्याच्या ठिकाणी वर्षानुवर्षं बातम्या देणाऱ्या कित्येक वार्ताहरांकडे ही पत्रिका नसते. म्हणजे पत्रकार असणं वेगळं, अधिस्वीकृत असणं वेगळं.

आता कायदा बघा. पत्रकारांवर हल्ले होतात म्हणून महाराष्ट्रानं २०१७ साली प्रसारमाध्यमातील व्यक्तींच्या संरक्षणाचा कायदा केला. हल्लेखोराला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. चांगलं आहे. पण हे संरक्षण कुणाला, तर पत्रकारिता हा ज्याचा मुख्य व्यवसाय आहे आणि जो एखाद्या माध्यम संस्थेत नियमित किंवा कंत्राटी कामावर आहे त्याला. परंड्याच्या एखाद्या गावात दिवसभर शेतात काम करून संध्याकाळी रेशन दुकानाच्या वजनकाट्याचा व्हिडिओ काढणारी बाई या व्याख्येत बसत नाही. तिच्या कार्डावर ‘पत्रकार’ छापल्यानं ती बसणारही नाही.

हा धोका कागदावरचा नाही. फेब्रुवारी २०२३मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात राजापूरला शशिकांत वारिसे या स्थानिक पत्रकाराला गाडीखाली चिरडलं गेलं आणि खुनाचा गुन्हा दाखल झाला. ते तर वर्तमानपत्रात लिहिणारे होते. ज्याच्यामागे वर्तमानपत्रही नाही अशा माणसाला ‘पत्रकार’ हे नाव देणं म्हणजे पत्रकाराची जोखीम पूर्ण द्यायची आणि पत्रकाराचं संरक्षण मात्र द्यायचं नाही.

ही झाली कार्ड घालणाऱ्याची बाजू. समोरच्याची बाजू २०१८ साली पुढे आली. त्या वर्षी राज्याच्या धर्मादाय आयुक्तांनी परिपत्रक काढलं, की ज्या संस्थांच्या नावात ‘भ्रष्टाचार निर्मूलन’सारखे शब्द आहेत त्यांनी ते काढून टाकावेत. कारण असं दिलं, की भ्रष्टाचार निपटणं हे सरकारी यंत्रणांचं काम आहे आणि अशा नावांचा वापर करून लोकांना धमकावल्याच्या तक्रारी आहेत. अण्णा हजारे यांच्या न्यासाच्या नावातही तो शब्द होता, त्यामुळे बरीच चर्चा झाली. तो आदेश सरसकट होता आणि चांगल्या संस्थांनाही त्याच दोरीत बांधणारा होता, असं मला वाटतं. पण ज्या रोगावर तो काढला होता तो रोग खरा आहे. गाडीवर ‘प्रेस’ लिहून ग्रामसेवकाकडे ‘जाहिरात’ मागायला जाणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल, असं मी धरून चालत नाही.

एकेक शब्द उचलून बघू

नागरिक. आपल्याकडची बातमीची भाषा ऐका. पाणी आलं नाही तर शहरात ‘नागरिकांची गैरसोय’ होते आणि गावात ‘ग्रामस्थ संतप्त’ होतात. नगर आणि नागरिक यांचं नातं मराठी कानातून अजून गेलेलं नाही. शिवाय कळंब, वाशी, भूम या भागांतून कितीतरी कुटुंबं वर्षातले पाच-सहा महिने उसाच्या फडात असतात. सगळ्यात कमी बातमी होते ती त्यांची, आणि ‘आपल्या गावचा नागरिक’ या चौकटीतून सगळ्यात आधी निसटतात तेही तेच.

स्वयंसेवक. हा शब्द प्रामाणिक आहे, पण त्याचा इतिहास बघून वापरावा. ‘आशा स्वयंसेविका’ हे नाव आठवा. गावातली गरोदर बाई, लसीकरण, सर्वेक्षण सगळं त्यांच्याकडे. पण नाव ‘स्वयंसेविका’, म्हणून वेतन नाही, मोबदला. त्यासाठी २०२३च्या ऑक्टोबरमध्ये आणि पुन्हा २०२४च्या सुरुवातीला त्यांना संपावर जावं लागलं. कामाचं ओझं वाढत गेलं तरी नाव तिथंच राहतं, आणि पैशाचा विषय निघाला की तेच नाव पुढे केलं जातं.

बातमीदार, खबर. हे शब्द सोपे आहेत, जिल्ह्यात मराठी, दखनी, लमाणी, कन्नड बोलणाऱ्या सगळ्यांना कळतात. पण पोलिसांच्या प्रेसनोट वाचा. ‘गोपनीय बातमीदारामार्फत माहिती मिळाली’ हे वाक्य तिथं कायमचं आहे. ‘खबरी’ आणि ‘खबऱ्या’ यांचा अर्थ तर सांगायलाच नको. बुंदेलखंडात २००२ साली बायकांनी सुरू केलेल्या ‘खबर लहरिया’ला हे नाव शोभलं. आपल्याकडे वाळूच्या ट्रॅक्टरचा फोटो काढणाऱ्याला गावानं ‘खबरी’ म्हटलं तर त्याचं काम दुसऱ्याच दिवशी संपतं.

मान्यताप्राप्त, अधिस्वीकृत. इथं सरळ गल्लत होते. ऐकणाऱ्याला वाटतं सरकारनं मान्यता दिली. सरकारचा आश्रय असल्याचा भास निर्माण करणारी नावं वापरू नयेत यासाठी १९५० पासून केंद्राचा चिन्हं व नावांबद्दलचा कायदा आहेच. कायदा बाजूला ठेवला तरी साधा प्रामाणिकपणा शिल्लक राहतो.

संशोधन काय म्हणतं

१९८३ साली थॉमस गिएरिन या समाजशास्त्रज्ञानं एक निबंध लिहिला. विज्ञान आणि अविज्ञान यांच्यातली सीमारेषा नेमकी कुठं, हे शोधायच्या ऐवजी त्यानं विचारलं, की ती रेषा शास्त्रज्ञ कधी आणि कशासाठी आखतात. उत्तर असं, की अधिकार, साधनं आणि स्वायत्तता मिळवायला किंवा राखायला; आणि गरज बदलली की रेषाही सरकते. या आखणीला त्यानं ‘सीमाकार्य’ म्हटलं. पत्रकारितेतही हेच चालतं. ‘खरा पत्रकार कोण’ हा वाद बहुतेकदा कार्ड कुणी वाटायचं याचा वाद असतो. त्यात आणखी एक संस्था आणखी एक कार्ड घेऊन उतरली तर रेषांची संख्या वाढते, बातमीचा दर्जा वाढतोच असं नाही.

दुसरं संशोधन आमच्या, म्हणजे विज्ञानाच्या अंगणातलं. हौशी लोकांनी पक्षी मोजणं, पाऊस नोंदवणं, पाणी तपासणं याला ‘नागरिक विज्ञान’ म्हणतात. २०१७ साली एम. व्ही. आयट्झेल आणि बऱ्याच सहलेखकांनी या क्षेत्रातले शब्द एकेक करून तपासले. निष्कर्ष असा, की सगळीकडे चालेल असा एकच शब्द नाही. कोणत्या ठिकाणी, कुणासाठी, कशासाठी हे बघून शब्द निवडावा आणि का निवडला ते सांगावं. मग २०२१ साली केरन कूपर आणि सहकाऱ्यांचा लेख ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. अमेरिकेत ऑडुबॉनसारख्या काही संस्थांनी ‘नागरिक’ हा शब्द स्थलांतरितांना वगळतो म्हणून ‘सामुदायिक विज्ञान’ असं नवं नाव घेतलं होतं. कूपर यांचा आक्षेप नेमका आहे: नाव बदलल्यानं माणसं आत येत नाहीत. उलट ‘सामुदायिक विज्ञान’ हे नाव आधीच अशा वस्त्यांचं होतं ज्यांनी आपल्या अंगणातल्या प्रदूषणाविरुद्ध स्वतः पुरावे गोळा केले. मोठ्या संस्थांनी ते नाव घेतलं तर प्रश्न ठरवणारं कोण आणि नुसते आकडे पुरवणारं कोण, हा फरकच पुसला जातो.

याचा आपल्याला उपयोग असा. नाव ठेवताना ‘ऐकायला किती सर्वसमावेशक वाटतं’ यापेक्षा ‘या नावामागे निर्णय कुणाचा’ हे विचारायचं.

आपल्याच जिल्ह्यातलं एक नाव

तीस वर्षांपूर्वी या प्रश्नाच्या बरंच जवळ जाणारं उत्तर इथंच दिलं गेलं होतं. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेच्या भूकंपात किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं उद्ध्वस्त झाली. सगळ्यात जास्त पडझड झालेल्या गावांचं नव्या जागी पुनर्वसन झालं. बाकी गावांत घरं जागेवरच दुरुस्त आणि मजबूत करायची होती. जागतिक बँकेच्या कर्जातून राज्य सरकारनं हा कार्यक्रम चालवला. लोकसहभागासाठी प्रेमा गोपालन यांची ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ ही संस्था सल्लागार होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतल्या हजाराहून जास्त गावांत महिला मंडळांतून बायका नेमल्या गेल्या. त्यांना नाव दिलं ‘संवाद सहायक’.

काम काय? कुणाला किती मदत मिळू शकते हे घरोघरी सांगायचं, दगडी भिंत कशी मजबूत करायची ते समजून घेऊन समजावून सांगायचं, आणि गावातली अडचण अभियंत्यापर्यंत पोचवायची. आज आपण ज्याला स्थानिक बातमीदारी म्हणतो त्याचा मोठा भाग यात येतो: माहिती मिळवणं, तपासणं, ज्याला गरज आहे त्याला ती देणं.

नाव म्हणून ‘संवाद सहायक’ला मी चांगले गुण देते. ते काम सांगतं, दर्जा सांगत नाही. ‘मी संवाद सहायक आहे’ असं म्हणून कुणाला धमकावता येत नाही. काम झालं नाही तर गाव विचारू शकतं, की बाई, संवाद कुठं आहे? पण खोटही तितकीच स्पष्ट आहे. ‘सहायक’ कुणाचा, तर योजनेचा. योजनाच चुकत असेल तेव्हा सहायकानं काय करायचं, याचं उत्तर त्या नावात नाही. आणि नेमणूक बायकांची, पण शब्द मात्र पुल्लिंगी. म्हणजे नाव ज्यांना दिलं त्यांना विचारून ठरवलं गेलं नसावं, इतकं तरी त्यावरून वाटतं.

मान्यता कशाला देतात

आता प्रयोगशाळेची गोष्ट. तुमच्या बोअरच्या पाण्याचा अहवाल एखाद्या एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून येतो. ती मान्यता तिथल्या केमिस्टच्या गळ्यात लटकत नाही. ती ठरावीक चाचण्यांना, ठरावीक पद्धतीला, ठरावीक मुदतीसाठी असते. फ्लोराइडची मान्यता असेल आणि जिवाणूंची नसेल, तर जिवाणूंच्या निकालाला ती लागू नाही. याला मान्यतेची व्याप्ती म्हणतात. मान्यता या शब्दाचा शास्त्रातला अर्थ एवढाच आणि इतका बांधीव आहे.

गावात याचं साधं रूप आहे. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच बायकांना किट वापरून पाणी तपासायला शिकवायचं ठरलं. किटमध्ये दूषित निघालं तर तो नमुना प्रयोगशाळेत पाठवून खात्री करायची. या रचनेत बाईला कुणी शास्त्रज्ञ म्हणत नाही, आणि तिच्या निकालाला कुणी फालतूही म्हणत नाही. तिचा निकाल ही पहिली पायरी, खात्री ही दुसरी. दोन्ही पायऱ्यांची नोंद राहते.

जगभरात हौशी बातमीदारीचे जे प्रयोग टिकले त्यांतही ही दुसरी पायरी दिसते. दक्षिण कोरियात २२ फेब्रुवारी २००० रोजी ओ योन-हो यांनी ७२७ नागरिक-वार्ताहरांसह ‘ओमायन्यूज’ सुरू केलं. घोषणा होती, प्रत्येक नागरिक वार्ताहर आहे. पण प्रत्येक मजकूर पगारी संपादक तपासत. ‘सीजीनेट स्वर’ हा २०१०चा छत्तीसगडमधला प्रयोग: साध्या फोनवरून बातमी बोलायची, आणि पडताळणी झाल्यावरच ती इतरांना ऐकू यायची. गोव्यात कार्यालय असलेल्या ‘व्हिडिओ व्हॉलंटियर्स’च्या नावात स्वयंसेवक आहेत, पण ते आपल्या माणसांना ‘समुदाय वार्ताहर’ म्हणतात आणि प्रत्येक व्हिडिओचे पैसे देतात. म्हणजे संस्थेचं नाव एक सांगतं आणि व्यवहार त्याहून बरा आहे. उलटं असण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं.

तर मग नाव काय?

माझी सूचना: संस्थेचं नाव ‘बातमी-पडताळा मंडळ, धाराशिव’. आणि माणसासाठी ‘गाव-वार्ताहर’. पडताळा हा शब्द बाजारात, हिशेबात, शेतीच्या नोंदीत वापरला जातो. तो उमरग्यातही कळतो आणि भूमलाही. वार्ताहर हा शब्द बाई आणि पुरुष दोघांना तसाच लागतो, आणि ‘आमच्या वार्ताहराकडून’ या जुन्या ओळीमुळे लोकांना माहीत आहे की याच्या मागे छापणारं आणि जबाबदारी घेणारं दुसरं कुणीतरी असतं.

ओळखपत्रावर चार ओळी पुरेत. या व्यक्तीनं मंडळाचं प्रशिक्षण घेतलं आहे. ही शासनाची अधिस्वीकृती नाही. हिनं पाठवलेली बातमी पडताळणी होऊन, क्रमांकासह प्रसिद्ध होते. बातमीसाठी कुणी पैसे मागितले तर मंडळाला कळवा.

तुम्ही म्हणाल, यात आधार कुठं आहे? पडताळा म्हटलं की नुसती तपासणी वाटते. पाठीशी उभं राहणं नावात दिसत नाही. आक्षेप बरोबर आहे, हे नाव रुक्ष आहे. पण वार्ताहरावर अब्रुनुकसानीचा खटला झाला तर काय होतं ते बघा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६मध्ये पहिला अपवाद हाच आहे, की गोष्ट खरी आहे आणि ती सांगणं लोकहिताचं आहे. ते दाखवायला लागतो पुरावा: फोटो कधी काढला, दुसऱ्या बाजूला कधी विचारलं, कुणी तपासलं. ‘पत्रकार’ छापलेलं कार्ड तिथं उपयोगाचं नाही. पडताळणीची वही उपयोगाची आहे. मंडळानं आपल्या सहीनं ती वही कोर्टात ठेवली, तर त्याहून मोठा आधार कोणता?

दुसरा आक्षेप: नावात काय आहे, काम चांगलं असलं की झालं. या म्हणण्याला मराठवाड्यातच दाखला आहे. निजामाच्या काळात आ. कृ. वाघमारे यांनी ‘मराठवाडा’ हे पत्र पुण्याहून काढलं. बंदी आली की ते दुसरं नाव घेऊन पुन्हा निघे. वाचकांनी ते प्रत्येक वेळी ओळखलं. पण का ओळखलं? आतला मजकूर खरा निघतो, हे त्यांना अनुभवानं माहीत होतं म्हणून. हा दाखला माझ्या विरुद्ध जात नाही. विश्वास मजकुरावर बसला की नाव कोणतंही चालतं. आणि विश्वास बसायच्या आधी नावानं तो उसना मागू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

तुमच्या तालुक्यात कुणी अशी संस्था काढत असेल, तर नोंदणीचा अर्ज धर्मादाय कार्यालयात जाण्याआधी त्यांना एक प्रश्न विचारा. तुमचं कार्ड घेऊन माणूस एखाद्या सरपंचाच्या दारात उभा राहिला, तर सरपंच आधी काय बघेल: माणसाचा हुद्दा, की बातमीचा क्रमांक?